गिरणीची गाडी समुद्रावर

तारीख ९ जानेवारी १९७२, रविवार. रक्कम साडेतीन हजार रुपये. हजर चौघे: माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, मुंबईहून आलेले एक शेठ, भिंगारचे निवृत्त लष्करी ड्रायव्हर, ज्यांना सगळे हवालदार म्हणत, आणि मी. जागा आक्काची पिठाची गिरणी. नगरहून पाथर्डी रस्त्याने गेलं की चौदा मैलांवर तिचं गाव आहे.

व्यवहार एका मोटारगाडीचा होता. पण ती गाडी पाहून कुणी तिला गाडी म्हटलं नसतं, म्हणून आधी तिची हकिगत सांगतो.

आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांनी सत्तेचाळीस साली भिंगारच्या छावणीतून विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावात ती साडेचारशे रुपयांना घेतली. सव्वीस सालची, चार सिलिंडरची, उघड्या टपाची. काही वर्षं दाजींनी ती लग्नकार्यांना आणि बाजाराला फिरवली. पुढे पेट्रोलचा खर्च झेपेना. त्याच सुमारास त्यांनी गिरणी काढायचं मनावर घेतलं होतं. वेगळं इंजिन विकत घेण्यापेक्षा त्यांनी गाडीच आणून गिरणीच्या जागेत उभी केली. डावं मागचं चाक विटांच्या चौथऱ्यावर उचलून धरलं, त्याचा टायर उतरवला, त्यावरून पट्टा चढवला आणि तो पट्टा गिरणीच्या दगडांना फिरवू लागला. सुरू पेट्रोलवर करायची, तापली की रॉकेलवर टाकायची. गाडी उभी केल्यावर मग भोवती भिंती बांधल्या, त्यामुळे ती बाहेर काढायला वाटच उरली नाही. चौदा वर्षं ती एका जागी उभी राहून धावत होती.

दाजी चौसष्ट साली गेले. त्यानंतर आक्काच गिरणी चालवत होती. हँडल मारण्यापासून झिजलेल्या दगडांना टाकी लावून खडबडीत करून घेण्यापर्यंत सगळं ती स्वतः पाही.

एकाहत्तर साली गावात वीज आली. दाजींच्या चुलतभावाने वेशीजवळ विजेची गिरणी टाकली. बायका तिकडे वळल्या. त्यात त्यांची चूक नव्हती. आक्काच्या पिठाला रॉकेलचा वास यायचा, भाकरीला तो लागायचा. आक्कालाही ते कळत होतं. तिला विजेची मोटर हवी होती. मी नगरला एका पेढीवर हिशेब लिहितो; बाजारात चौकशी करणं मला सोपं होतं. दहा हॉर्सपॉवरची मोटर, स्टार्टर, नवा पट्टा आणि वीजजोडणीची अनामत मिळून दोन हजार सहाशे चाळीस रुपये होत होते. आक्काजवळ पाचशेच्या आतबाहेर होते.

मी तिला म्हटलं होतं, गिरणी बंद कर आणि नगरला आमच्याकडे ये. मी मनापासूनच म्हटलं होतं. तिचं उत्तर असं: "तुझ्याकडं चार दिस पाहुनी म्हनून येईन. साडीचोळी घेऊन माघारी जाईन. पोटापायी यायची न्हाई."

अशात शेठ आले. छावणीतल्या कुणाकडून तरी त्यांनी गाडीबद्दल ऐकलं होतं. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद. गिरणीत शिरल्यावर त्यांनी पिठाच्या थराखालून गाडीचा पुढचा भाग रुमालाने पुसला, वाकून नंबराची पट्टी वाचली, आणि उभे राहिले तेव्हा त्यांच्या कोटावर पीठ आणि तोंडावर हसू होतं. ते हसू त्यांनी लगेच आवरलं. आक्काने पाहायचं ते पाहून घेतलं होतं.

"इथून ट्रकवर घालून न्यायची तर भंगारच आहे, बाई," शेठ म्हणाले. "सातशे देईन. पण आमच्या मंडळींचा फेब्रुवारीत अलिबागला समुद्रावर मेळावा आहे. तिथे ही स्वतःच्या इंजिनावर आली, तर साडेतीन हजार."

"कवा हाय मेळावा?"

"सहा तारखेला, रविवारी. दुपारी बाराच्या आत पोचली पाहिजे. बारानंतर सातशे."

"ल्ह्या मग," आक्का म्हणाली.

"काय?"

"ल्हून द्या. माझा भाऊ वाचून दावील."

शेठनी चार ओळी दोन कागदांवर लिहिल्या. मी त्या मोठ्याने वाचल्या, सह्या झाल्या. ते गेल्यावर मी आक्काला हिशेब मांडून दाखवला. गाडी रस्त्यावर आणायला कमीत कमी चारशे रुपये लागतील. ती वाटेत बंद पडली तर सातशेतून चारशे वजा जाता हातात तीनशे राहतील, गिरणी कायमची बंद आणि वर भिंत पाडलेली.

"आन् पोचली तर?"

"तीन हजार शंभर."

"मग भिंत पाड," आक्का म्हणाली.

हवालदारांना आक्काने तिथेच ड्रायव्हर म्हणून ठरवलं आणि पुढचे साडेतीन आठवडे आम्ही तिघे त्या गाडीच्या मागे होतो. भिंत पाडली. रेडिएटर माळ्यावर होता, त्यात उंदरांनी संसार थाटला होता. तो धुऊन, डाग देऊन बसवला. गिरणीत इंजिन पाण्याच्या पिंपावर थंड ठेवत, रेडिएटरचं काम पडलं नव्हतं. डाव्या चाकाला टायर भिंगारच्या जुन्या बाजारात मिळाला. कर, विमा आणि कागदपत्रं मी केली. त्यातच माझ्या पाच रजा गेल्या. हवालदारांनी इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो उघडून साफ केला. इंजिनाला मात्र त्यांनी हात लावला नाही. "रोज चाललेलं इंजिन आहे साहेब," ते मला म्हणाले. "ह्याला आपण शहाणपण शिकवू नये."

मारुतीच्या देवळापर्यंत एक फेरी मारून पाहिली. हवालदार उतरून म्हणाले, "ब्रेक जरा आखडलेत. पण लागतात."

आक्काने आणि मी माना डोलावल्या. गिरणीचं यंत्र चालतंय की नाही हे बघायची आम्हाला सवय. ते थांबवायचं तर पट्टा उतरवायचा किंवा तेलाची चावी बंद करायची. ब्रेक ही बाब तिथेच संपली.

शुक्रवारी ४ तारखेला सकाळी निघालो. वेशीजवळ दाजींचे चुलतभाऊ आपल्या विजेच्या गिरणीच्या दारात दात घासत उभे होते.

"काय वैनी, समुद्रावर दळान घेऊन निघाला का?"

"व्हय तर. मीठ दळायचंय," आक्का गाडीतून ओरडली. "तुमाला आनते पायलीभर. चोळा जखमंला!"

गाडीने वेग घेतला आणि चौदा वर्षांचं पीठ बाहेर पडू लागलं. गाद्यांतून, दारांच्या फटींतून, पायाखालच्या फळ्यांतून. प्रत्येक खड्ड्याला एक पांढरा लोट उठायचा. नगरच्या चौकात पोलिसाने हात करून थांबवलं, कारण त्याला वाटलं धूर आहे. त्याने बोट लावून चाटून पाहिलं.

"बाजरी?"

"बाजरी आणि थोडी ज्वारी," मी म्हटलं.

त्याने सोडून दिलं.

गाडी ताशी वीस मैलांच्या वर जात नव्हती. गेली असती, पण आक्का जाऊ देत नव्हती. "आवाज बदलतो," एवढंच म्हणायची. शिरूरच्या अलीकडे गाडी तीनदा बंद पडली. रॉकेलचा गाळ टाकीच्या तळाशी बसलेला होता, तो हलून नळीत येत होता. तिसऱ्या वेळी हवालदारांनी सगळं पेट्रोल डब्यात काढलं, टाकी उतरवून झाडाखाली आपटून साफ केली आणि पेट्रोल आक्काच्या जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळून परत भरलं. त्यात अर्धा दिवस गेला. शिरूरला मुक्काम पडला. शनिवारी पुणं पार करून लोणावळा गाठलं आणि तिथल्या धर्मशाळेत राहिलो. मी खर्च जोडला: तयारीसह चारशे सत्तावन्न रुपये. अलिबाग अजून पन्नासेक मैल होतं आणि हातात रविवारची सकाळ. मला धीर आला होता. आता तर उतारच आहे, असं मी म्हणालोसुद्धा.

रविवारी उजाडताच खंडाळ्याच्या घाटाला लागलो. दुसऱ्या वळणावर काहीतरी जळल्याचा वास आला. तिसऱ्या वळणाआधी हवालदारांनी ब्रेक दाबला तो पाय थेट फळीला टेकला.

"साहेब, घट्ट धरा," ते म्हणाले, आणि गाडी त्यांनी डोंगराच्या अंगाच्या चारीत घातली. दगडावर चाक चढून गाडी थांबली. कुणाला लागलं नाही. थोडं पीठ उडालं.

त्या काळच्या त्या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. हवालदारांनी डावं चाक काढलं. आत ब्रेकच नव्हता. ज्या चाकावर पट्टा चढवायचा ते मोकळं फिरायला हवं, म्हणून दाजींनी चौदा वर्षांपूर्वी त्यातला ब्रेक काढून टाकला होता. दाजींचं बरोबरच होतं. गिरणीला ब्रेक कशाला? आम्ही गावापासून लोणावळ्यापर्यंत एकट्या उजव्या चाकाच्या ब्रेकवर आलो होतो आणि तो आता जळून गेला होता.

एक ट्रकवाला थांबला. त्याने मार्ग सुचवला: आपल्या ट्रकच्या मागे दोर बांधायचा, दुसरं टोक गाडीला, गाडी पुढे आणि ट्रक मागे. ट्रक गाडीला अडवून धरेल.

"न्हाई," आक्का म्हणाली. "ल्हिलंय, सोताच्या इंजिनावर."

"अगं, खाली जायला इंजिन लागतच नाही," मी म्हटलं. "ट्रक ओढणार नाही, धरून ठेवणार. धरून ठेवण्याविषयी कागदात काही नाही."

"शेट इचारतील, ट्रकाला का बांधली. मग तू घाटात घेऊन ये त्यांना, आन् समजावून सांग."

मी ट्रकवाल्याचे आभार मानले. ट्रकवाला गेला.

हवालदारांनी सांगितलं की पहिल्या गियरात टाकून, इंजिन अगदी हळू ठेवून उतरता येईल. लष्करात त्यांनी ट्रक तसे उतरवले होते. अडचण एवढीच की वळणावर पायाने वेग कमीजास्त झाला की ही गाडी आचके द्यायची. तेव्हा आक्का पुढे त्यांच्या शेजारी जाऊन बसली. स्टिअरिंगच्या दांड्यावर, हाताशी, इंजिनाचा वेग ठरवायची एक छोटी मूठ होती. हवालदारांनी ती अलिबागपर्यंतही वापरली नसती. गिरणी मात्र सगळी त्याच मुठीवर चालत होती. दगडांवर बाजरी किती पडतेय ते कानाने ओळखून आक्का ती मूठ रोज बोटाबोटाने हलवत आली होती.

"तुमी पाय काढा," तिने हवालदारांना सांगितलं. "निस्तं वळवा. मी दळते."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू धोंडा घे."

अशा रीतीने आम्ही खंडाळ्याचा घाट उतरलो. हवालदार स्टिअरिंग वळवत होते, आक्का मुठीवर दोन बोटं ठेवून समोर बघत होती आणि मी कोट, टोपी आणि धोतरात, दोन्ही हातांत आठ-दहा शेरांचा धोंडा धरून मागच्या चाकाशेजारून चालत होतो. गाडी सुटतेय असं वाटलं तर चाकाखाली टाकायचा. गाडी माझ्याहून हळू होती. मला मधूनमधून थांबावं लागे. मागे ट्रकांची रांग लागली, भोंगे वाजू लागले. आक्काने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

अर्ध्या घाटात एक लाल रंगाची, पितळी दिव्यांची जुनी गाडी आमच्या बाजूने गेली. तीही मेळाव्यालाच निघाली असणार. चालवणारे गृहस्थ पुण्याचे होते, डोक्यावर चामड्याची टोपी. त्यांनी वेग कमी केला.

"काय आजोबा, ढकलताय का?"

माझं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं. "ढकलत नाही," मी म्हटलं. "अडवतोय."

"अडवा, अडवा! संध्याकाळपर्यंत याल!" ते हसत पुढे गेले.

घाट संपला तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. धोंडा मी एकदाही वापरला नव्हता. तो रस्त्याकडेला ठेवून दिला. खोपोलीला चहा घेतला, रेडिएटरात पाणी घातलं. हवालदार म्हणाले, "एवढ्या वर्षांत बाईमाणसाच्या हुकमाने पहिल्यांदा गाडी चालवली."

"तुमी कुठं चालवली?" आक्का म्हणाली. "तुमी निस्ती वळवली."

पेणपासून पुढे रस्ता सपाट. गाव आलं की आक्का लांबूनच मूठ उतरवायची आणि हवालदार भोंगा दाबून धरायचे. थांबता येत नव्हतं, म्हणून आम्ही कुठे थांबलोच नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांमागचं मैदान दिसलं तेव्हा माझ्या घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं होती. दोरीच्या आत पंचवीस-तीस गाड्या आरशासारख्या चकचकीत उभ्या होत्या. आम्ही वाळूच्या एका ढिगात चाक घालून थांबलो. माणसं धावत आली. खारट वारा होता, त्याने आमच्या अंगावरचं पीठ चिकट झालं होतं. एका बाईंनी मला विचारलं, ही गाडी कुठे पुरून ठेवली होती.

शेठ आले. त्यांनी घड्याळ पाहिलं, गाडीभोवती फिरले, त्यांचा चेहरा खुलला. मग ते आत बसले आणि ब्रेकवर पाय दिला.

पाय फळीला टेकला.

"हे काय?"

हवालदारांनी सगळं सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं आणि उतरून हात झटकले. "मग ही अर्धी गाडी झाली, बाई. ब्रेक नाही म्हणजे गाडी नव्हे. अडीच हजार देतो."

माझा हिशेब तिथल्या तिथे झाला. अडीच हजारांतून आमचा खर्च वजा केला की मोटर येत होती पण अनामत भागत नव्हती. आक्काला हे आकडे पाठ होते.

"अट यायची हुती," ती म्हणाली. "थांबायची न्हवती."

भोवतीची काही माणसं हसली. शेठ हसले नाहीत. "इथे गाड्या कळणारी पन्नास माणसं आहेत. विचारा कुणालाही, विनाब्रेकच्या गाडीला कोण किती देतं."

मी कागद काढला. शेठ म्हणाले, कागदात चालू गाडी अभिप्रेत आहे. मी म्हटलं, कागदात जे आहे ते आहे, अभिप्रेत काही नाही. आवाज चढू लागले. तेव्हा मेळाव्याचे प्रमुख, एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, मध्ये पडले. जेवणाआधी हळू चालवण्याची स्पर्धा होती. दोरीमधली शंभर पावलांची वाट. पहिल्या गियरात सुटायचं. ब्रेकला पाय लावायचा नाही, क्लचला लावायचा नाही. इंजिन बंद पडलं तर बाद. आणि जी गाडी सगळ्यांत शेवटी पोचेल ती पहिली. "हिला उतरवा," ते शेठना म्हणाले. "गाडी अर्धी आहे की पुरी, ते दिसेल."

"ब्रेक न लावता हळू चालवायची?" हवालदारांनी विचारलं. "सकाळपासून आम्ही दुसरं काय करतोय!"

शेठना नाही म्हणता आलं नाही. मी प्रमुखांना विचारून घेतलं की गाडीत दोन माणसं बसली तर चालेल का. त्यांनी नियमांचा कागद वाचला. किती माणसं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

सात गाड्या उभ्या राहिल्या. लाल गाडीवाले पुण्याचे गृहस्थ आमच्या शेजारी होते. मला दोरीबाहेर पाहून म्हणाले, "आजोबा, धोंडा नाही आणला?"

झेंडा पडला. दोन गाड्या पाच-दहा पावलांतच आचका देऊन बंद पडल्या. तिघांच्या गाड्यांना हळू चालणं ठाऊकच नव्हतं. त्या आपल्या नेहमीच्या चालीने निघून पार झाल्या. लाल गाडी खरोखर चांगली चालली होती. पण ती साठाव्या पावलावर असताना आमची वीस-बावीसवर होती. आक्काने मूठ इतकी खाली घेतली होती की इंजिनाचा एकेक ठोका वेगळा ऐकू येत होता. लोकांना वाटलं, बंद पडली. एक पंच वाळूत गुडघे टेकून चाकाकडे बघत बसला आणि ओरडला, "फिरतंय! फिरतंय!"

लाल गाडी पार झाली. आमची अजून चाळीसच्या आसपास होती. निकाल तेव्हाच लागला होता. हवालदारांनी आनंदाने टोपी काढून फिरवली आणि म्हणाले, "आक्का, आता सोडा की! पळवू!"

"दळान अर्ध्यावर हाय," आक्का म्हणाली. "अर्ध्यावर कोन सोडतं?"

तिने वेग तसूभर वाढवला नाही. उरलेली साठ पावलं सबंध मैदान उभं राहून तिच्याकडे बघत होतं. जेवणाच्या तंबूतून आचारीसुद्धा बाहेर आले. कुणीतरी टाळ्यांचा ठेका इंजिनाच्या ठोक्याला जुळवला आणि सगळे त्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवत होतो. माझ्या सत्तेचाळीस वर्षांत मी कुठल्या मैदानात एवढ्या मोठ्याने ओरडल्याचं मला आठवत नाही. काय ओरडलो तेही आठवत नाही. गाडी दोरीपार गेली तेव्हा आक्काने मूठ पूर्ण उतरवली, इंजिन थांबलं आणि तिने पदराने तोंड पुसलं. पदर पांढरा झाला.

चामड्याची टोपी हातात घेऊन पुण्याचे गृहस्थ आले. त्यांनी आधी आक्काला नमस्कार केला, मग मला. "साहेब, घाटात बोललो ते विसरा," ते म्हणाले. मग आक्काकडे वळून, "मावशी, ही गाडी मला द्या. साडेचार हजार. ब्रेक मी बसवून घेईन."

शेठ दोन पावलं पुढे आले. "अहो, व्यवहार माझा झालेला आहे! लेखी आहे!" त्यांनी खिशातून आपला कागद काढला.

"मगाशी तर त्यात कायतरी दुसरं हुतं," आक्का म्हणाली. "किती ल्हिलंय म्हनता?"

"साडेतीन हजार."

"मोठ्यांदा."

"साडेतीन हजार!" शेठ म्हणाले. सगळीकडे हशा झाला. शेवटी तेही हसले.

मी आक्काला बाजूला घेतलं. कागद तिलाही बांधील आहे, शेठ पुरे पैसे देत असतील तर गाडी त्यांचीच, हे मला तिला सांगणं भाग होतं. हजार रुपये डोळ्यांसमोरून जात होते आणि ते जाऊ द्या असं सांगणारा मीच.

"अरे, ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडून वदवायचं हुतं."

शेठनी पैसे तिथेच मोजून दिले. मी दोनदा मोजले. प्रमुखांनी आक्काला स्पर्धेचा करंडक दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ह्यात पावशेर पीठबी मावायचं न्हाई. पण घरी येईपर्यंत तो तिने मांडीवरून खाली ठेवला नाही. निघताना ती शेठजवळ गेली. मला वाटलं गाडीला निरोप देईल. ती त्यांना म्हणाली, "ब्रेक बसवल्याबिगर घरी नेऊ नका. तुमाला बायकापोरं असतील."

आम्ही एसटीने परत आलो. हवालदारांचे प्रवासाच्या तीन दिवसांचे पंधरा रुपयांनी पंचेचाळीस ठरले होते. आक्काने त्यांना शंभर दिले आणि ते नको नको म्हणत असताना त्यांच्या खिशात कोंबले. मोटर आणि स्टार्टरचे एकोणीसशे नव्वद रुपये नगरच्या दुकानदाराला दिले. अनामत विजेच्या कचेरीत भरली. पाडलेली भिंत गवंड्याकडून परत बांधून घेतली, तिथे आता रुंद दार ठेवलं. उरलेली रक्कम तिने पोस्टात टाकली. माझ्या रजांचे आणि धावपळीचे पैसे द्यायला ती निघाली होती, ते मी घेतले नाहीत. त्यावरून आठवडाभर ती माझ्याशी नीट बोलली नाही.

पाडव्याला मोटर सुरू झाली. मी नगरहून मुद्दाम दहा किलो बाजरी घेऊन गेलो. दारात बायकांची रांग होती. वेशीजवळच्या दिरांच्या घरची सूनही डबा घेऊन आली होती. आक्काने तिला काही टोमणा मारला नाही, फक्त रांगेत उभं केलं. मलाही रांगेतच उभं केलं. माझा नंबर आला तेव्हा तिने बाजरी तोलली, दळली, पीठ हातावर घेऊन माझ्या नाकाशी धरलं. रॉकेलचा वास नव्हता.

"ऐंशी पैसे," ती म्हणाली.

"सख्ख्या भावाकडून?"

"मोटरला भाऊ न्हाई. ठिव."

मागच्या बायका हसत होत्या. माझ्याकडे सुटे नव्हते. मी रुपया दिला, तिने वीस पैसे परत केले. दळणाचे ऐंशी पैसे, आक्काला पोचते झाले.